मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर चालण्याचा सराव आणि मेंदूतील बदल

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या वाडी भागात राहणाऱ्या एका ताईंचा ३४ वर्षांचा धाकटा भाऊ गेल्या उत्तरायणात पतंगाच्या नादात गच्चीवरून खाली पडला. पाठीचा डी ८ (छातीच्या मागचा आठवा) हा मणका मोडून मज्जारज्जूला मार बसला. शस्त्रक्रिया करून सळ्या आणि स्क्रू बसवले गेले. आज आठ महिन्यांनी तो वॉकरच्या आधाराने घरातल्या घरात चालतो, उजव्या पायाला एएफओ (घोटा आणि पाऊल सावरून धरणारा साचा) घालतो, डावा पाय बऱ्यापैकी उचलला जातो. चालण्याच्या सरावाने मेंदूत बदल होतात, असे त्यांचे फिजिओथेरपिस्ट सांगतात. ताईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मार पाठीत लागला असताना मेंदूचा संबंध काय? हे बदल खरेच होतात का, आणि होत असतील तर ते पाहण्यासाठी सरावाच्या आधी आणि नंतर मेंदूचा एमआरआय करावा का? आणि एक नातेवाईक सुचवतात त्याप्रमाणे, रोबोटच्या यंत्रावर चालवतात अशा केंद्रात भावाला परगावी दीड-दोन महिने नेऊन ठेवावे का?

ताई, बदल खरेच होतात. पण पाय नुसते हलवले गेले म्हणून ते होत नाहीत. पाऊल टाकण्याचा प्रयत्न रुग्णाने स्वतः केला, ते कुठे चुकले हे त्याला जाणवले आणि पुढच्या पावलात त्याने सुधारणा केली, तरच मेंदूला बदलण्याचे काही कारण मिळते. एमआरआय करावा की नाही आणि रोबोटकडे जावे की नाही, या दोन्हींची उत्तरे मी याच आधारावर देणार आहे.

आधी पाठीचा आणि मेंदूचा संबंध पाहू. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या खाचेत, डोक्याच्या वरच्या बाजूला, पायांचे नियंत्रण करणारा भाग असतो. हाताचा आणि चेहऱ्याचा भाग त्याच्या बाहेरच्या अंगाला पसरलेला असतो. पायांच्या भागातील चेतापेशींपासून निघालेले तंतू खाली उतरतात, मेंदू आणि मज्जारज्जू जिथे जुळतात तिथे त्यांतले बहुतेक तंतू बाजू बदलतात, आणि मग मज्जारज्जूतून थेट कमरेच्या पातळीपर्यंत जातात. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो, आणि पायाकडे जाणारा हा तंतू त्याची बहुतेक लांबी एकट्याने, मध्ये कुठे न जोडला जाता, पार करतो. म्हणजे आपल्या भावाच्या डी ८ पाशी जो तंतू चिरडला गेला, त्याची मूळ पेशी मेंदूत आहे. इजा पाठीत झाली असली, तरी जखमी झालेल्या अनेक पेशी मेंदूतल्या आहेत. उलट दिशेने, पायाचा तळवा जमिनीला लागला, गुडघा किती वाकला, अंगठा कुठल्या दिशेला आहे, ही माहिती मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर जाते. तो रस्ता तुटला की मेंदूला पायाची खबर मिळणे बंद होते किंवा अर्धीमुर्धी मिळते. म्हणून मेंदूचा विचार न करता या दुखापतीच्या पुनर्वसनाचा विचार करताच येत नाही.

आता दुसरी बाजू. कमरेच्या पातळीवरील मज्जारज्जूत चेतापेशींची अशी जाळी असतात, की जी मेंदूच्या आदेशाशिवायही पावले टाकण्याची लय निर्माण करू शकतात. मांजरांवरील प्रयोगांतून हे १९११ साली ग्रॅहम ब्राउन या शास्त्रज्ञाने दाखवले. पुढे १९८० च्या दशकात, मज्जारज्जू पूर्ण कापलेल्या मांजरांना ट्रेडमिलवर सराव दिल्यास त्यांचे मागचे पाय पुन्हा व्यवस्थित पावले टाकू लागतात, हेही दिसून आले. ट्रेडमिलवर हार्नेसने शरीराचे वजन उचलून धरून माणसांना चालवण्याची पद्धत या शोधांतूनच आली. आपल्या भावाची दुखापत डी ८ ला असल्यामुळे कमरेजवळची ही जाळी शाबूत असण्याची शक्यता बरीच आहे. (मार आणखी खाली, डी १२ किंवा कमरेच्या पहिल्या मणक्याला म्हणजे एल १ ला असता, तर मज्जारज्जूचे टोक आणि तिथून निघणाऱ्या नसा दुखावल्या असत्या, पाय ढिले पडले असते आणि या उत्तरातला बराच भाग लागू पडला नसता.) मात्र माणूस दोन पायांवर उभा राहून चालतो, तोल सांभाळतो, उंबरठा पाहून पाऊल उंच उचलतो, आणि त्यासाठी मांजरापेक्षा मेंदूवर कितीतरी अधिक विसंबून असतो. खालची जाळी लय देते. निघायचे कधी, थांबायचे कुठे आणि पाय किती उचलायचा, हे वरूनच यावे लागते. घोटा वर उचलण्याची क्रिया तर या वरच्या आदेशावर विशेष अवलंबून असते, आणि म्हणूनच गुडघा आणि मांडी सुधारल्यावरही पाऊल घासत राहते व एएफओ सुटत नाही.

दुखापतीनंतर मेंदूत काय होते, याची चांगली नोंद झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयातील पॅट्रिक फ्रॉइंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. नुकतीच दुखापत झालेल्या १३ रुग्णांचे त्यांनी वर्षभर ठरावीक अंतराने एमआरआय केले. दुखापतीच्या कितीतरी वर, मानेच्या पातळीवरचा मज्जारज्जू काही महिन्यांतच बारीक होऊ लागला होता आणि मेंदूतील हालचालींशी संबंधित भागांचे आकारमानही घटत होते. ज्यांच्यात ही घट कमी, त्यांची सुधारणा अधिक, असेही दिसले. शिवाय पायांचा भाग निष्क्रिय झाला, की शेजारचा हाताचा भाग त्या दिशेने सरकतो, हे इतर अभ्यासांतून माहीत आहे. मेंदू हातावर हात ठेवून वाट पाहत बसत नाही. आपण सराव दिला नाही तरी तो बदलतोच, फक्त आपल्याला हव्या त्या दिशेने बदलत नाही.

सरावाने ही दिशा फिरवता येते का? येते, असे म्हणायला आधार आहे. कॅनडातील थॉमस आणि गोरासिनी यांनी २००५ साली, अपूर्ण दुखापत असलेल्या, म्हणजे इजेच्या खाली थोडी ताकद किंवा संवेदना शिल्लक असलेल्या, आठ जणांना काही महिने ट्रेडमिलवर नेटाने चालवले आणि सरावाच्या आधी व नंतर त्यांच्या डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मेंदूला हलका स्पंद दिला. असा स्पंद दिला की पायाचा स्नायू किंचित आकसतो, आणि त्या आकसण्याचे मोजमाप करून मेंदू ते पाय हा रस्ता किती वाहता आहे हे कळते. सरावानंतर तोच स्पंद पायात अधिक मोठा प्रतिसाद उमटवू लागला होता, आणि ज्यांचे चालणे अधिक सुधारले त्यांच्यात ही वाढही अधिक होती. त्याच वर्षी विंचेस्टर आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांवर फंक्शनल एमआरआयचा (मेंदूचा कुठला भाग सक्रिय होतो हे दाखवणाऱ्या तपासणीचा) अभ्यास केला. रोबोटच्या मदतीने केलेल्या सरावानंतर चौघांच्याही मेंदूत काही ना काही बदल दिसला, पण जमिनीवरचे चालणे फक्त त्यांचेच सुधारले, ज्यांच्या लहान मेंदूतील सक्रियता ठळकपणे वाढली होती. लहान मेंदूचे काम, ठरवलेली हालचाल आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल यांतला फरक पकडून पुढची हालचाल सुधारणे हे आहे. चार रुग्णांवरून सिद्धांत मांडता येत नाही, तरी मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो, कारण रुग्णांना चालायला शिकवण्याच्या माझ्या रोजच्या कामात जे दिसते त्याच्याशी तो जुळतो: ज्याला आपले पाऊल कुठे चुकले हे जाणवते, तो पुढे जातो.

हे बदल म्हणजे तुटलेले तंतू पुन्हा जोडले गेले असे नव्हे, ही गोष्ट घरातल्या सर्वांनी नीट समजून घ्यावी. प्रौढ माणसाच्या मज्जारज्जूत तुटलेला लांब तंतू जखम ओलांडून पुन्हा खाली जात नाही. शिल्लक राहिलेले तंतू अधिक जोमाने वापरले जातात, एवढाच त्याचा साधा अर्थ. त्याशिवाय काही आडवाटाही तयार होतात. २००४ साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात दिसले, की मेंदूतून आलेले तुटके तंतू जखमेच्या वरच नवे फाटे काढतात, आणि मज्जारज्जूतल्याच ज्या पेशींचे तंतू जखमेच्या बाजूने खाली जातात त्यांना जाऊन मिळतात. मेंदूच्या देठातून निघणारी जुनी, ठोकळ हालचालींची वाट हीदेखील अशा वेळी अधिक वापरात येते असे मानले जाते. त्या वाटेने पाय हलतो, पण मांडी, गुडघा, घोटा असा एकसंध हलतो; घोटा वेगळा उचलणे तिला फारसे जमत नाही. आपल्या भावाचा उजवा पाय असा लाकडासारखा एकत्र पुढे येत असेल, तर त्यामागे हे एक कारण असू शकते.

आता हे सगळे लागू होण्यासाठी काही तंतू शिल्लक असणे आवश्यक आहे. भावाच्या डिस्चार्जच्या कागदांवर 'एशिया' या, दुखापत किती पूर्ण आहे हे सांगणाऱ्या मापनापुढे ए पासून ई पर्यंत एक अक्षर लिहिलेले असेल. ए म्हणजे पूर्ण दुखापत. सी आणि डी म्हणजे इजेच्या खाली थोडी किंवा बरीच ताकद शिल्लक. तो वॉकरने चालतो आहे, त्याअर्थी आज त्याची नोंद सी किंवा डी असणार. ए दर्जाच्या रुग्णाला नुसत्या चालण्याच्या सरावाने चालता येईल, अशी आशा मी देत नाही. त्याच्यासाठी व्हीलचेअरवरचे स्वावलंबन, खांदे आणि त्वचा जपणे हे अधिक मोलाचे असते, आणि ते शिकवण्याऐवजी महिनोन्महिने कॅलिपर (पूर्ण पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या) घालून उभे करत राहणे हा रुग्णाच्या उमेदीचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वतःच्या प्रयत्नाचे महत्त्व दाखवणारा सर्वांत बोलका प्रयोग उंदरांवरचाच आहे. २०१२ साली स्वित्झर्लंडमधील ग्रेगवार कुर्तीन यांच्या गटाने, पाय लुळे पडलेल्या उंदरांना मज्जारज्जूवर विजेचे आणि औषधांचे उत्तेजन देऊन दोन प्रकारे सराव दिला. एका गटाला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवले. पट्टा फिरला की पाय आपोआप पडत. दुसऱ्या गटाला तोल सांभाळणाऱ्या हार्नेसमध्ये जमिनीवर उभे केले आणि समोर खाऊ ठेवला. तिथे पोचायचे तर स्वतःच निघावे लागे. पट्ट्यावरच्या उंदरांचे पाय उत्तम पडत होते, पण स्वतःहून चालणे त्यांना आले नाही. दुसऱ्या गटातले उंदीर इच्छेनुसार चालू लागले, अडथळा चुकवू लागले, पायरी चढू लागले, आणि मेंदूपासून खाली नव्या वाटा तयार झाल्याचे त्यांच्यातच आढळले. उत्तेजन दोन्ही गटांना सारखेच होते. फरक पडला तो निघण्याच्या इच्छेमुळे.

याच मुद्द्यावरून रोबोटच्या प्रश्नाकडे येते. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला उभे राहता येत नाही, ज्याचे दोन्ही पाय उचलायला दोन माणसे लागतात, त्याला सुरुवातीच्या काळात सुरक्षितपणे भरपूर पावले मिळवून देण्याचे काम यंत्र चांगले करते, आणि आमच्या पाठी वाचवते हे निराळे. अडचण अशी, की यंत्र पाय हलवून देते तेव्हा रुग्ण नकळत अंग सैल सोडतो. रोबोटमध्ये चालताना शरीराची ऊर्जा थेरपिस्टच्या मदतीने चालण्यापेक्षा कमी खर्च होते, हे मोजून दाखवले गेले आहे. पाऊल प्रत्येक वेळी अचूक पडत असेल, तर चूक होत नाही, आणि चूक झाली नाही तर लहान मेंदूला शिकण्यासारखे काही उरत नाही. २००६ साली ब्रूस डॉबकिन आणि सहकाऱ्यांनी नुकतीच अपूर्ण दुखापत झालेल्या १४६ रुग्णांवरील मोठा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हार्नेस लावून ट्रेडमिलवर दिलेला सराव आणि साध्या जमिनीवर तेवढाच वेळ दिलेला सराव यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. अमेरिकेतील न्यूरॉलॉजिक फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात तर, दुखापतीला सहा महिने उलटून गेलेल्या आणि चालू शकणाऱ्या रुग्णांचा वेग किंवा अंतर वाढवण्यासाठी रोबोट किंवा वजन उचलून धरणारी ट्रेडमिल वापरू नये, त्याऐवजी नाडी आणि श्वास चांगले वाढतील इतक्या जोराने चालण्याचा सराव द्यावा, असे म्हटले आहे. आपला भाऊ नेमका या गटात बसतो. तेव्हा कर्ज काढून, नोकरीवर रजा टाकून त्याला परगावी नेऊ नये. तोच पैसा इथे आठवड्यातून अधिक वेळा फिजिओथेरपी मिळण्यावर आणि घरातल्या दोन-तीन सोयींवर खर्च करावा.

मग सराव कसा असावा, हे थोडे जवळून सांगते. आपला भाऊ चालताना त्याच्या डोळ्यांकडे पाहा. बहुधा त्याची नजर सतत स्वतःच्या पावलांवर असेल. पायाची जाणीव अर्धवट असल्यामुळे मेंदू ती उणीव डोळ्यांनी भरून काढतो. म्हणूनच दिवे गेले किंवा तोंड धुताना डोळे मिटले, की असे रुग्ण लडखडतात. सुरुवातीला ही सवय उपयोगी असते, पण ती तशीच राहिली तर पायाकडून येणारी जी थोडीफार खबर शिल्लक आहे तिच्याकडे मेंदू लक्षच देत नाही. मी रुग्णाला पॅरलल बारमध्ये (धरून चालण्याच्या दोन समांतर दांड्यांमध्ये) उभे करून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तारखा वाचायला लावते, आणि त्याच वेळी चार-पाच पावले टाकायला सांगते. पहिल्या काही दिवसांत गुडघा मागे झटकतो, पाऊल आत वळते, माणूस वैतागतो. मी लगेच सावरत नाही. पडणार नाही एवढा हात कमरेच्या पट्ट्यावर ठेवून, आता पाऊल कुठे पडले ते न बघता सांग, असे विचारते. तो सांगतो, मग खाली बघतो, आणि बोटभर चुकले असेल तर ते त्याला दिसते. त्या चुकीचा अंदाज जसजसा बरोबर येऊ लागतो, तसतसे पाऊलही जागेवर पडू लागते.

घरी काम करताना सगळी पावले एकाच गुळगुळीत फरशीवर नकोत. जुन्या वाड्यातला उंबरठा, ओट्याची एक पायरी, सतरंजीची कड, दारातून वळताना वॉकर तिरका घेणे, दोन पावले मागे येणे, कोणी थांब म्हटले की तिथेच थांबणे, हे सगळे सरावात असावे, कारण या प्रत्येक ठिकाणी मेंदूला नव्याने हिशेब करावा लागतो. घरच्या एका माणसाने कमरेचा पट्टा धरून मागे-बाजूला उभे राहावे, आणि पायाला हात लावण्याची घाई करू नये. पाऊल अडले, की तीन-चार सेकंद त्याला स्वतः झगडू द्यावे. ही सेकंदे आई-वडिलांना फार जड जातात हे मी रोज पाहते, म्हणून शक्य असल्यास सरावाच्या वेळी बहिणीने किंवा भावजयीने जवळ असावे. बाहेर न्यायचे ते कमाटीबागेतल्या सपाट वाटेवर सकाळी लवकर, गर्दीच्या आधी. नवरात्रीत गरब्याच्या मैदानावर चालून बघण्याचा हट्ट त्याने यंदा धरू नये. एएफओ बाहेर जाताना अवश्य घालावा, पण फिजिओथेरपिस्ट समोर असताना सरावाचा काही भाग त्याशिवाय व्हावा, नाहीतर घोटा उचलण्याचा प्रयत्नच मेंदूकडून होणार नाही. दमल्यावर चालणे बिघडू लागले की थांबावे, श्वास जागेवर आला की पुन्हा सुरू करावे. आणि झोप सांभाळावी. दिवसा शिकलेली हालचाल मेंदूत पक्की होण्यात झोपेचा वाटा मोठा आहे, पण या रुग्णांची झोप लघवीच्या कॅथेटरच्या वेळा आणि पायांचे झटके यांनी मोडलेली असते. त्या वेळा रात्री कशा जुळवाव्यात, हे डॉक्टरांशी बोलून ठरवणे हासुद्धा चालण्याच्याच उपचाराचा भाग समजावा.

बदल होतो आहे हे ओळखण्याची माझी खूण साधी आहे. तबल्यावर हात बसला की वादक वाजवता वाजवता समोरच्याशी बोलू शकतो. चालणे मुरू लागले की तसेच होते. आज भाऊ चालत असताना त्याला जेवणाबद्दल काही विचारले, तर तो आधी थांबेल आणि मग उत्तर देईल. सुरुवातीला प्रत्येक पाऊल मेंदूच्या पुढच्या, लक्ष देणाऱ्या भागाला जाणीवपूर्वक टाकावे लागते. सराव झाला की ते काम हळूहळू इतर भागांकडे सोपवले जाते. तो न थांबता उत्तर देऊ लागला, तर समजावे की मेंदूत काही बदलले आहे. याच्या जोडीला मोजमाप हवे. घरात किंवा ओसरीत दहा मीटरची रेघ आखावी, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर जास्त जागा ठेवावी, आणि मधले दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात हे दर पंधरा दिवसांनी, दिवसाच्या त्याच वेळी, त्याच वॉकरने मोजून वहीत लिहावे. महिन्यातून एकदा सहा मिनिटांत किती अंतर कापले हेही लिहावे.

यावरून एमआरआयचे उत्तर स्पष्ट होईल. ज्या अभ्यासांचा उल्लेख मी केला, त्यांतले निष्कर्ष अनेक रुग्णांची सरासरी काढून, विशेष पद्धतीने मोजून मिळालेले आहेत. आपल्याकडे रुग्णालयात काढला जाणारा नेहमीचा एमआरआय हे बदल एका माणसात दाखवू शकत नाही, आणि दाखवले तरी त्यावरून सराव बदलण्याचा निर्णय घेता येणार नाही. सरावासाठी म्हणून मेंदूचा एमआरआय करू नका. एक अपवाद मात्र आहे. गच्चीवरून पडलेल्या माणसाच्या डोक्यालाही मार लागलेला असू शकतो, आणि पाठीच्या मोठ्या दुखापतीच्या गडबडीत त्याकडे लक्ष जात नाही. उत्तरायण आणि वासी उत्तरायण या दोन दिवसांत पडणाऱ्यांच्या बाबतीत हे मी विशेष सांगते. पडल्यावर भाऊ थोडा वेळ बेशुद्ध होता का, त्या दिवसाचे त्याला काही आठवत नाही का, हल्ली तो चटकन चिडतो का, सांगितलेले व्यायाम दुसऱ्या दिवशी विसरतो का? यांतले काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टना जरूर दाखवावे, कारण लक्ष आणि स्मरणशक्ती कमी पडत असेल तर शिकवण्याची पद्धत बदलावी लागते.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यातले सगळेच बदल हितकारक नसतात, हेही सांगायला हवे. पायांत जळजळ, मुंग्या, विजेचा झटका बसल्यासारखी कळ येत असेल, तर त्याचा संबंध मेंदूतील पायांच्या नकाशाच्या सरकण्याशी असल्याचे पुरावे आहेत. ही वेदना मनाचे खेळ नव्हेत आणि सहन करत राहण्याचीही गोष्ट नव्हे. तिच्यावर औषधे आहेत, ती डॉक्टरांकडून सुरू करावीत, कारण वेदनेने पोखरलेल्या माणसाचे लक्ष सरावात राहत नाही. पायांचा कडकपणा हा दुसरा प्रकार. तो कमी करण्यासाठी बॅक्लोफेन देतात, पण उभे राहताना काही रुग्ण त्याच कडकपणाचा आधार घेतात आणि गोळीचा डोस वाढला की गुडघे वाकू लागतात. असे झाल्यास गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. बॅक्लोफेन अचानक सोडल्यास फिट येणे, भ्रम होणे यांसारखे गंभीर प्रकार होऊ शकतात. डोस डॉक्टरांनी सावकाश कमी करावा.

वर्तमानपत्रांत येणाऱ्या विजेच्या उपचारांबद्दलही आपण पुढे विचाराल, म्हणून दोन वाक्ये. मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून काही रुग्णांना पुन्हा पावले टाकता आली, असे २०१८ साली एकाहून अधिक गटांनी दाखवले, आणि २०२४ च्या अखेरीस मेंदूच्या आत खोलवर असलेल्या हायपोथॅलॅमस या केंद्राच्या एका भागाला उत्तेजन देऊन अपूर्ण दुखापतीच्या दोन रुग्णांचे चालणे सुधारल्याचे प्रसिद्ध झाले. पण या सर्व रुग्णांना त्याबरोबर महिनोन्महिने चालण्याचा सराव करावाच लागला होता, आणि आपल्यासाठी हे उपचार आज तरी नेहमीच्या वापरातले नाहीत.

आठ महिने झाले, आता काही होणार नाही, असे कोणी सांगत असेल तर ते अर्धसत्य आहे. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो आणि वर्षाच्या आसपास तो बराच मंदावतो, हे खरे. पण मी उल्लेख केलेल्या अभ्यासांतल्या काही रुग्णांच्या दुखापतीला वर्षे उलटून गेली होती. वॉकरवरून एल्बो क्रचवर (कोपराखाली आधार देणाऱ्या कुबड्यांवर) येणे, घराबाहेर रस्त्यापर्यंत जाणे, अशा सुधारणा पुढेही होत राहू शकतात.

सरावाचा जोर वाढवण्याआधी हाडे आणि त्वचा या दोन गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. दुखापतीनंतर पायांची हाडे काही महिन्यांतच ठिसूळ होऊ लागतात, आणि संवेदना कमी असल्यामुळे हाड मोडले तरी दुखेलच असे नाही. चालल्यानंतर मांडी किंवा घोटा अचानक सुजला, गरम लागला, किंवा पायाचा कडकपणा एका दिवसात वाढला, तर सराव थांबवून त्याच दिवशी एक्स-रे काढावा आणि पिंढरीत रक्ताची गुठळी झालेली नाही ना हेही पाहून घ्यावे. एएफओ काढल्यावर रोज टाच, घोट्याची हाडे आणि तळव्याची कड उजेडात बघावी. दाबल्यावर फिकी न पडणारी लाली दिसली, तर ती पूर्ण जाईपर्यंत एएफओ घालू नये आणि बनवणाऱ्याकडून तो त्या ठिकाणी सैल करून घ्यावा.